खरे गुन्हे, गोड आठवणी

5 सप्टेंबर 2025 रोजी नेटफ्लिक्सवर ‘इन्स्पेक्टर झेंडे’ हा चिन्मय मांडलेकर यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला हिंदी चित्रपट आला. मधुकर झेंडे हे मुंबई पोलिसांतले अधिकारी. चार्ल्स शोभराज या कुख्यात खुन्याला त्यांनी दोनदा पकडलं, 1971 साली मुंबईत आणि 1986 साली गोव्यात. मनोज वाजपेयी, गिरिजा ओक, भालचंद्र कदम, सचिन खेडेकर अशी मंडळी, मराठी वळणाची बोली आणि साधासुधा पोलीस नायक पाहून अपेक्षा वाढल्या होत्या. प्रत्यक्षात हाती आला तो एक हलकाफुलका पाठलाग. तो ना पुरता हसवतो, ना कुठे भीती घालतो. वाजपेयी नेहमीप्रमाणे चोख काम करतात, पण ज्याच्या मागे एवढी धावपळ चालली आहे तो माणूस धोकादायक आहे, हे पडद्यावर पटतच नाही.

एका फसलेल्या चित्रपटापुरताच हा विषय असता तर परीक्षणाच्या दोन परिच्छेदांत आटोपला असता. पण गेल्या दीड दशकात खरे गुन्हे आणि जुन्या काळाची ओढ यांची सांगड घालणारे इतके चित्रपट आणि मालिका आल्या आहेत, की त्यांच्याबद्दलचा वाद आता कुठवर आला आहे, हे एकदा नीट पाहायला हवं.

गुन्हा ताजा होता तेव्हा

खऱ्या गुन्ह्यांवर चित्रपट काढणं आपल्याकडे नवं नाही. नवी आहे ती मधल्या काळाच्या अंतराची गोडी. कमांडर नानावटी खटला याचं सर्वात सोयीचं उदाहरण. 27 एप्रिल 1959 रोजी मुंबईत नानावटींनी पत्नीचे प्रियकर प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं. उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून जन्मठेप दिली, 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि 1964 साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. ‘ये रास्ते हैं प्यार के’ हा या खटल्याची छाया असलेला चित्रपट 1963 साली आला, म्हणजे माफीच्याही आधी. गुलजारांचा ‘अचानक’ 1973चा. दोन्ही वेळा प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर त्याचाच काळ होता. मोटारी, कपडे, घरं रोजच्या पाहण्यातली असल्यामुळे त्यांच्याकडे कौतुकाने बघण्याचं कारण नव्हतं. लक्ष जायचं ते नवरा, बायको आणि तिसरा माणूस यांच्यातल्या पेचाकडे.

2016चा ‘रुस्तम’ याच घटनेकडे 57 वर्षांनंतर पाहतो. इथे पांढराशुभ्र गणवेश, चकचकीत गाड्या आणि रंगवून काढलेली पन्नाशीतली मुंबई आधी दिसते, माणसं नंतर. वर संरक्षण व्यवहारातल्या भ्रष्टाचाराचं एक उपकथानक जोडून खुनाला देशभक्तीचं कारण पुरवलं आहे. मूळ खटल्यात असं काही नव्हतं. चित्रपट चालला, अक्षय कुमार यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. हा भारतातला शेवटचा ज्युरी खटला होता, ही समजूत या निमित्ताने पुन्हा गावभर फिरली. वास्तविक ज्युरीची पद्धत त्यानंतरही काही वर्षं होती आणि 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती संपवली. जुना काळ जितका देखणा होतो, तितक्या अशा गोष्टी तपासाव्याशा वाटत नाहीत.

मराठीत पाहिलं तर जोशी-अभ्यंकर हत्याकांड आहे. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात पुण्यात दहा खून झाले. अभिनव कला महाविद्यालयातल्या चार विद्यार्थ्यांना नोव्हेंबर 1983मध्ये येरवड्यात फाशी झाली. नाना पाटेकर यांची भूमिका असलेला ‘माफीचा साक्षीदार’ त्यानंतर तीनच वर्षांनी, 1986 साली आला. त्या दिवसांत संध्याकाळी सातच्या आत दारं लावून घेतलेली घरं प्रेक्षकांच्या आठवणीत होती. चित्रपट कसाही असो, आठवणीत रमण्याची सोय त्यात नव्हती.

टोळीयुद्धांच्या चित्रपटांचंही 2007पर्यंत थोडंफार असंच होतं. ‘सत्या’ 1998चा, ‘कंपनी’ 2002चा. अनुराग कश्यप यांचा ‘ब्लॅक फ्रायडे’ 1993च्या स्फोटांवरचा. 2004 साली तो लोकार्नो महोत्सवात दाखवला गेला, पण टाडा न्यायालयातला खटला संपला नसल्याने मुंबई उच्च न्यायालयाच्या स्थगितीत अडकला आणि फेब्रुवारी 2007मध्ये प्रदर्शित झाला. काल घडलेली गोष्ट आज दाखवली तर काय किंमत मोजावी लागते, याचा तो धडा होता. निर्मात्यांनी त्यातून एक व्यवहारी निष्कर्ष काढला असावा, असा माझा तर्क आहे: जितकं मागे जाल तितकं सुरक्षित.

सफेद कपड्यांतला स्मगलर

वळण आलं ते 2010 साली, मिलन लुथ्रिया यांच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन मुंबई’बरोबर. अजय देवगण यांचा सुलतान मिर्झा हा हाजी मस्तानवरून बेतलेला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मस्तानच्या वारसदारांच्या बाजूने आक्षेप घेतला गेला, खुलाशाची पाटी आली आणि चित्रपट जोरात चालला. सत्तरीचं दशक, बेलबॉटम, कॅबरे, समुद्रावरून उतरणारं सोनं; आणि खून न करणारा, दिलदार, शब्दाला जागणारा तस्कर.

इथे थोडा अर्थकारणाचा इतिहास लक्षात घ्यावा लागतो. मस्तानचा धंदा उभा होता सोन्यावरच्या निर्बंधांवर. 1968चा सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 साली रद्द झाला, आयात पुढे सैल होत गेली आणि तस्कर नावाचा माणूस धंद्यासकट कालबाह्य झाला. जो आता कोणाचं काही बिघडवू शकत नाही त्याच्याबद्दल आपुलकी वाटणं सोपं असतं. ‘दीवार’ 1975 साली आला तेव्हा मस्तान जिवंत होता, आणीबाणीत तो मिसा कायद्याखाली आत होता. ‘दीवार’चा नायक विजय याच्या गोष्टीत शेवटपर्यंत राग आहे. 2010च्या सुलतानात राग नाही, ऐट आहे.

पुढचा भाग 2013मध्ये आला आणि पहिल्याच्या यशावर तरंगत बुडाला. त्यात गुन्हेगारी नावापुरती उरली होती, प्रेमाचा त्रिकोण आणि गॉगल तेवढे शिल्लक होते. त्याच वर्षी संजय गुप्ता यांचा ‘शूटआउट अॅट वडाला’ आला, एस. हुसेन झैदी यांच्या ‘डोंगरी टू दुबई’ या पुस्तकाच्या आधारावर. 2021चा ‘मुंबई सागा’ही गुप्तांचाच, अमर नाईकच्या कहाणीची छाया असलेला. झैदी यांच्या पुस्तकांनी हिंदी सिनेमाला कथांचं कोठारच उघडून दिलं.

यातली बरीच पात्रं मराठी आहेत, आणि मराठी प्रेक्षकाची या चित्रपटांशी असलेली गुंतवणूक त्यामुळेच वेगळी आहे. ‘शूटआउट अॅट वडाला’तला मन्या सुर्वे कीर्ती कॉलेजात शिकलेला. अमर नाईक आणि अरुण गवळी गिरणगावाच्या आसपासचे. मन्या 11 जानेवारी 1982 रोजी वडाळ्यात पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. त्याच महिन्यात, 18 तारखेला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. एका आठवड्याच्या अंतराने घडलेल्या या दोन घटना शेजारी ठेवल्या की शहराची एक कथा दिसू लागते. ‘शूटआउट अॅट वडाला’ला तिच्यात फारसा रस नाही. ‘मुंबई सागा’त गिरणीमालकाचा खून आहे. त्यामागे मे 1994मध्ये महालक्ष्मीजवळ झालेली सुनीत खटाव यांची हत्या स्पष्ट दिसते. भायखळ्याच्या खटाव मिलच्या जमिनीचा प्रश्न, कामगार संघटनेतली रस्सीखेच आणि टोळ्यांचा त्यातला हात यांवर त्या काळी रकानेच्या रकाने छापून आले. पडद्यावर जॉन अब्राहम यांचे दंड अधिक जागा व्यापतात.

तीन बाजू

या चित्रपटांवरचा पहिला आक्षेप सर्वपरिचित आहे: ते गुन्हेगाराला मोठं करतात आणि मेलेल्यांना पुसून टाकतात. रंगसंगती, गाणी, संवादांच्या टाळ्या सगळं मारणाऱ्याच्या वाट्याला येतं, मरणारा दोन सेकंदांत पडतो. त्यात स्मरणरंजन मिसळलं की परिणाम वाढतो, कारण प्रेक्षक आपल्या बालपणातल्या वस्तूंवर प्रेम करत असतो आणि ते प्रेम नकळत त्या वस्तूंमध्ये वावरणाऱ्या माणसाकडे सरकतं. हा आक्षेप घेणारे समीक्षकच असतात असं नाही. टोळ्यांच्या खंडणीने धंदे बंद करावे लागलेली माणसं मुंबईत आजही आहेत, त्यांना हे चित्रपट पाहवत नाहीत.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही हलकं नाही. सिनेमा म्हणजे पंचनामा नव्हे, असं ती सांगते. दरोडेखोर आणि बंडखोर यांच्या कथा पोवाड्यांतून, वगांतून रंगवून सांगण्याची परंपरा आपल्याकडे आहेच. शिवाय सगळेच काही गुन्हेगाराचे गोडवे गात नाहीत. ‘इन्स्पेक्टर झेंडे’च्या बाजूने तर एक भक्कम मुद्दा आहे. शोभराजवर परदेशी लेखकांची पुस्तकं 1979पासून आहेत, तो पैसे घेऊन मुलाखती देत असे, जगभर त्याचं नाव झालं. त्याला बेड्या घालणारा मराठी अधिकारी मात्र महाराष्ट्राबाहेर कोणाच्या गावी नव्हता. गोव्यातल्या पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ या उपाहारगृहात शोभराज पकडला गेला. पुढे तिथे टेबलाशी बसलेला पुतळा उभा राहिला तो शोभराजचा, झेंडे यांचा नव्हे! मग पोलिसाच्या बाजूने, थट्टेच्या सुरात, चाळीतल्या संसारासकट गोष्ट सांगणं ही एक दुरुस्तीच ठरते, आणि खुन्याला हास्यास्पद करणं हा त्याचं वलय उतरवण्याचा मार्ग असू शकतो. मला हा युक्तिवाद कागदावर पूर्ण पटतो.

तिसरा विचार चांगलं-वाईट यापेक्षा कारणांकडे पाहतो. गुन्हा आणि त्याचा काळ यांचा सांधा चित्रपटाला दाखवता येतो का? महेश मांजरेकर यांचा ‘लालबाग परळ’ (2010) जयंत पवारांच्या ‘अधांतर’ या नाटकावरून आला. त्यात भडक जागा कमी नाहीत. पण संपानंतर बसून राहिलेल्या घरातला एक मुलगा टोळीत का जातो, हे त्यात कळतं. तिथली चाळ, सामायिक गॅलरी, बंद पडलेला भोंगा नुसती सजावट नाही. त्यातूनच पुढचं सगळं घडतं. गिरणगावात वाढलेल्यांना तो पाहताना आठवणी येतात, पण त्या सुखाच्या नसतात.

अशिम अहलुवालिया यांचा ‘डॅडी’ (2017) या तिन्ही बाजूंच्या मधे कुठेतरी अडकतो. अरुण गवळीची कथा तो वेगवेगळ्या माणसांच्या सांगण्यातून रचतो, जुनी दगडी चाळ बारकाईने उभी करतो, पण गवळी कुटुंबाच्या सहकार्याने बनलेला असल्याने त्याच्या तटस्थतेबद्दल शंका घेतली गेली. नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांच्या 2007मधल्या खुनासाठी गवळीला 2012 साली जन्मठेप झाली होती. ‘डॅडी’च्या आधी 2015मध्ये मराठीत ‘दगडी चाळ’ येऊन गेला होता, त्याला असल्या शंकांशी काही देणंघेणं नव्हतं.

दोन प्रयोग, एकाच दिग्दर्शकाचे

अनुराग कश्यप यांचे लागोपाठचे दोन चित्रपट या वादात फार उपयोगी पडतात. ‘बॉम्बे वेल्वेट’ (मे 2015) ज्ञान प्रकाश या इतिहासकाराच्या ‘मुंबई फेबल्स’वर आधारलेला. बॅकबेचा भराव, जमिनीचे व्यवहार, वृत्तपत्रं, कामगार चळवळ, जॅझ क्लब असा सगळा खजिना हाताशी होता. साठीतली मुंबई श्रीलंकेत सेट लावून उभारली. संकलनात थेल्मा स्कूनमेकर यांचा हात होता. खर्च शंभर कोटींच्या घरात गेल्याचं सांगितलं गेलं. आणि चित्रपट कोसळला. कारणांबद्दल आजही एकमत नाही. कोणी म्हणतात कापाकापी फार झाली, कोणी म्हणतात रणबीर कपूर यांच्या चाहत्यांना त्यांनी साकारलेला बलराज पचला नाही. मला वाटतं, त्या शहराबद्दलचं दिग्दर्शकाचं प्रेम हॉलिवूडच्या जुन्या टोळीपटांवरच्या प्रेमाखाली दबलं. भरावाचा गैरव्यवहार सगळ्या कथेच्या मुळाशी असायला हवा होता, तो संवादांतून कानावर पडत राहतो, एवढंच.

त्या अपयशानंतर कश्यप रमन राघववर चित्रपट करायला निघाले होते. हा माणूस साठच्या दशकात मुंबईच्या फुटपाथवर, झोपड्यांत झोपलेल्या गरिबांना मारत सुटला होता. ऑगस्ट 1968मध्ये तो पकडला गेला, पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या तपासामुळे. मूळ बेत साठीतल्या मुंबईत घडणाऱ्या चित्रपटाचा होता. पैसा आटला, जुना काळ परवडेना, म्हणून कथा आजच्या शहरात आणली गेली आणि 2016 साली ‘रमन राघव 2.0’ आला. खरा राघव त्यात जवळपास प्रस्तावनेपुरता उरला. पण फुटपाथ, बंद खोल्या आणि व्यसनी पोलीस अधिकारी यांच्यामुळे तो अंगावर येतो. खऱ्या गुन्ह्याशी त्याचं नातं सैल, तरी त्यात गुन्ह्याची भीती जास्त. श्रीराम राघवन यांनी 1991च्या सुमारास रघुवीर यादव यांना घेऊन केलेला याच विषयावरचा छोटा चित्रपट तर आणखी कमी पैशांत झाला होता. जाणकार अजून त्याचंच नाव काढतात.

एक शोभराज, चार चित्रं

शोभराजकडे परत येऊ, कारण एकाच माणसाची इतकी वेगवेगळी चित्रं क्वचित मिळतात.

प्रवाल रमण यांच्या ‘मैं और चार्ल्स’ (2015) मध्ये रणदीप हुडा शोभराज होतात. गोष्ट सांगितली जाते ती दिल्लीचे पोलीस अधिकारी आमोद कंठ यांच्या बाजूने. तरी कॅमेरा मोहून जातो तो टोपी, चष्मा आणि धुरातल्या त्या माणसाने. बीबीसीची आठ भागांची ‘द सर्पंट’ (2021) सत्तरीतलं बँकॉक अतिशय देखणं उभं करते. त्याच वेळी हर्मन क्निपेनबर्ग हा डच दूतावासातला कनिष्ठ अधिकारी कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात बसून मेलेल्या तरुण-तरुणींची नावं शोधत राहतो, त्यामुळे बळी विसरले जात नाहीत. ‘ब्लॅक वॉरंट’ (2025) मध्ये शोभराज तिहारमधला एक ऐटबाज कैदी आहे. पैशाने आणि गोड बोलण्याने तुरुंग कसा वाकतो, हे त्याच्या निमित्ताने दिसतं. तिथे ऐंशीचं दशक नुसतं मागे लटकत नाही, कथेला त्याची गरज आहे.

आणि चौथा ‘इन्स्पेक्टर झेंडे’. त्यात झेंडे यांचं नाव खरं आहे, शोभराजचं ‘कार्ल भोजराज’ झालं आहे, आणि त्याने ज्यांना मारलं ते ओझरते येतात. नाव बदलून कायद्याची काळजी घेतली असेल, पण त्यामुळे खुनी थेट विनोदी पात्राच्या रांगेत जाऊन बसतो. दुसऱ्या बाजूच्या युक्तिवादाप्रमाणे त्याचं वलय उतरायला हवं होतं. उतरलं असं मात्र वाटत नाही. उलट झेंडे यांचंच यश छोटं दिसतं, कारण भोजराजला पकडणं अवघड आहे, हेच आपल्याला जाणवत नाही.

चित्रपटाने हातची घालवलेली खरी संधी वेगळीच आहे. शोभराज 1976पासून भारतीय तुरुंगात होता. 16 मार्च 1986 रोजी वाढदिवसाचा बहाणा करून, पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून तो तिहारमधून निसटला. झेंडे यांनी त्याला 6 एप्रिलला, म्हणजे तीन आठवड्यांत पकडलं. शिक्षा संपत आली होती आणि बाहेर पडताच थायलंडला पाठवणी, तिथे मृत्युदंडाची शक्यता. पुन्हा पकडलं गेल्याने भारतातला तुरुंगवास 1997पर्यंत लांबला आणि तोवर थायलंडच्या वॉरंटची मुदत संपली. पळण्यामागे हाच हिशेब होता, असं त्याच्यावर लिहिणाऱ्या अनेकांचं मत आहे. ते खरं असेल तर पर्वरीतल्या त्या रात्री पोलीसही जिंकला आणि खुनीही जिंकला. यात केवढी कडवट थट्टा आहे! विनोदी चित्रपटाला यापेक्षा चांगलं खाद्य कुठलं मिळणार? पण ती शक्यता अंगावर घ्यायची तर ऐंशीच्या दशकातली आपली व्यवस्था किती पोकळ होती, हे दाखवावं लागतं आणि मग त्या दशकाबद्दलचा गोडवा टिकत नाही. चित्रपट तिथे रेंगाळत नाही.

बाहेरच्या जगातही हा वाद आहेच. क्वेंटिन टॅरंटिनो यांच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन हॉलिवूड’ (2019) ने 1969च्या मॅन्सन टोळीच्या हत्याकांडाचा शेवटच बदलून शॅरन टेटला जगू दिलं. काहींना ती बळीला दिलेली भेट वाटली, काहींना पळवाट. आपल्याकडे असा प्रयोग माझ्या तरी पाहण्यात नाही.

न सुटलेलं

गुन्हेगाराचं गौरवीकरण केलेल्या चित्रपटांमुळे गुन्हे वाढतात का, यावर दोन्ही बाजू ठासून बोलतात. ठाम पुरावा दोघांकडेही नाही. किती वर्षांनी एखादा गुन्हा करमणुकीला मोकळा होतो, याचंही उत्तर नाही. शोभराज डिसेंबर 2022मध्ये नेपाळच्या तुरुंगातून सुटून फ्रान्सला गेला, म्हणजे ज्या काळाची मौज आपण पाहतो आहोत त्यातला खुनी त्या मौजेच्या वेळी जिवंत होता.

कायद्याची बाजू त्या मानाने स्पष्ट आहे, पण ती एकाच दिशेला पाहते. ऑटो शंकर या तमिळनाडूतल्या खुन्याच्या आत्मचरित्रावरून झालेल्या राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली सांगितलं, की न्यायालयीन नोंदींसारख्या सार्वजनिक दस्तऐवजांत जे आहे ते संबंधिताच्या परवानगीशिवाय छापता येतं. ‘गंगूबाई काठियावाडी’ रोखावा ही कुटुंबाच्या बाजूने केलेली मागणी याच न्यायालयाने फेब्रुवारी 2022मध्ये मान्य केली नाही. जयललितांच्या चरित्रपटावरच्या वादात मद्रास उच्च न्यायालयाने सांगितलं, की माणसाचा खासगीपणाचा हक्क वारसांकडे जात नाही. कलावंतांच्या दृष्टीने हे सगळं दिलासा देणारं आहे, आणि असायलाच हवं.

मात्र चित्रपटांवरच्या या वादांत न्यायालयात गेले ते पडद्यावरच्या मुख्य पात्राचे नातेवाईक: मस्तानचे, गंगूबाईचे, जयललितांचे. मारल्या गेलेल्यांच्या घरचे कुठेच दिसत नाहीत. मृत व्यक्तीची बदनामी हा आपल्या फौजदारी कायद्यात गुन्हा आहे, पण त्यासाठी मृताच्या लौकिकाला धक्का लागावा लागतो. ज्याला पडद्यावर नावच दिलं नाही, दोन सेकंदांत एका विनोदाच्या वाटेवर संपवून टाकलं, त्याची बदनामी झाली असं कुठलंही न्यायालय म्हणणार नाही. त्याच्या बहिणीला किंवा मुलाला तक्रार करायची झाली, तर ती कुठल्या कलमाखाली करायची, हे आजच्या घडीला कोणी सांगू शकत नाही.